कुणाचं बघून?

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी लॅबमध्ये लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिथल्या दवाखान्यात एक सिस्टर होत्या. त्यांचं नाव हजेरीपटावर असणारच, पण ते कुणी उच्चारलेलं मी कधी ऐकलं नाही. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना नुसतं 'सिस्टर' म्हणायचे. बुटक्या, भक्कम बांध्याच्या, आणि अंबाडा इतका घट्ट की बघणाऱ्याचं डोकं दुखावं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा तासभर येऊन जायचे. बाकी सगळा वेळ दवाखाना म्हणजे सिस्टर.

माझी त्यांची ओळख भाजलेल्या बोटांमुळे झाली. नोकरीचा दुसरा आठवडा होता. लॅबमधल्या तापलेल्या शेगडीला माझी तीन बोटं टेकली. मी आधी धावत बायकांच्या खोलीत गेले, तिथं कुणाची तरी टूथपेस्ट होती ती बोटांवर जाड थापली आणि मग दवाखान्यात गेले. सिस्टरांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला.

"हे कुणाचं बघून?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. मग म्हटलं, आई लावते.

"आईनं कुणाचं बघून?"

आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचो. शेजारच्या सिंधी आंटी आणि आई यांचं सगळं एकत्र चालायचं, पापड, लोणची, घरगुती औषधं. म्हटलं, बहुतेक आंटींचं बघून. तर त्यांचा पुढचा प्रश्न, आंटींनी कुणाचं? बोटं ठणकत होती आणि ही बाई माझी वंशावळ काढत होती. मला रडूच आलं. पण एवढं बोलणं होईपर्यंत त्यांनी मला नळाखाली उभं केलं होतं, पेस्ट धुऊन टाकली होती आणि माझं मनगट पाण्याखाली धरून ठेवलं होतं. मी हात काढायला गेले की पकड घट्ट व्हायची. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरती वीस मिनिटं त्या तशाच उभ्या राहिल्या. मध्ये डोकेदुखीची गोळी मागायला दोन माणसं आली, त्यांना मान न वळवता थांबायला सांगितलं. मग सैल पट्टी बांधली आणि म्हणाल्या, घरी गेलीस की आंटींना विचार पेस्ट का लावतात, आणि उद्या मला सांग.

मला वाटलं रागाने म्हणाल्या असतील. दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या लॅबच्या दारात उभ्या. उत्तर हवं होतं. नशीब, मी विचारून आले होते. आंटी म्हणाल्या होत्या, "ठंडा लगता है ना बेटा, इसलिए." मग त्यांनी पुढचं सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा सगळे निर्वासित छावणीच्या बॅरकीत राहायचे. एकदा सासूचा हात स्टोव्हवर भाजला. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, पिंपही रिकामं होतं. जवळ थंड असं काहीतरी म्हणून सासूने पेस्ट चोपडली.

सिस्टरांनी हे ऐकलं आणि कुणी दागिना हातात ठेवावा तसा त्यांचा चेहरा झाला. "पाणी नव्हतं म्हणून पेस्ट. आता पाणी आहे, तरी पेस्टच," असं म्हणून त्या निघून गेल्या.

त्यांचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरत होतं, माणसं जे करतात ते कुणाचं बघून करतात. कँटीनमध्ये जेवताना त्या कुणाशी बोलत नसत, नुसत्या बघत. कोण पाणी उभ्याने पितो, कोण शिंकताना तळहात पुढे धरतो आणि मग त्याच हाताने चपाती तोडतो, कोण जेवण झाल्यावर ताटातच हात धुतो. 'सवय लागते' असं आपण म्हणतो ते अगदी बरोबर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. रोगाची लागण होते तशीच सवयही एकाची दुसऱ्याला लागते. फरक एवढाच, की रोग दुसऱ्याकडे जाताना जसाच्या तसा जातो आणि सवय प्रत्येक हातात थोडी थोडी बिघडत जाते.

एकदा त्यांनी हात धुण्याचा कार्यक्रम ठेवला. खोबरेल तेलात हळद कालवून ती सगळ्यांच्या हातांना चोळली, प्रत्येकाला डोळे मिटायला लावले आणि साबणाने रोजच्यासारखे हात धुवायला सांगितलं. डोळे उघडले तर सगळ्यांचे तळवे स्वच्छ आणि अंगठे पिवळेजर्द. एकजात सगळ्यांचे. आपण लहानपणी आईचे तळवे एकमेकांवर चोळले जाताना बघतो, अंगठा तिनेही धुतलेला नसतो. कामगार एकमेकांचे अंगठे बघून हसत होते. मग सिस्टरांनी मॅनेजर साहेबांनाही हळद लावली. साहेब परदेशात शिकून आलेले. त्यांचेही अंगठे पिवळे निघाले, वर नखांच्या कडाही. सगळ्यांबरोबर तेही हसले, पण त्यांचं हसू जरा उशिरा आलं आणि लवकर गेलं. हे मी पाहिलं. सिस्टरांनी पाहिलं असेलही, त्यांना त्याची पर्वा नव्हती.

त्यांच्याबरोबर कुठं जायचं म्हणजे परीक्षाच. माझं लग्न बदलापूरच्या एका हॉलमध्ये झालं. मंगलाष्टकं चालू असताना मागच्या रांगांतली माणसं नेहमीप्रमाणे जागेवरून अक्षता भिरकावत होती, त्या पुढच्यांच्या अंबाड्यांत आणि कॉलरींत पडत होत्या. सिस्टर उठल्या, रांगा ओलांडून थेट स्टेजवर आल्या. भटजी थांबले. सिस्टरांनी माझ्या आणि नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून अक्षता सोडल्या, आणि भटजींना 'चालू द्या' म्हणून शांतपणे खाली गेल्या. माझ्या सासूबाईंना ते आवडलं नाही. हे आशीर्वाद आहेत, दगड नाहीत, असं सिस्टरांनी त्यांना जेवणाच्या पंगतीत ऐकवलं. तेही आवडलं नाही. दोन्ही घरची माणसं कितीतरी दिवस मला विचारत होती, ती कोण गं बाई.

अशी माणसं लांबून गमतीची वाटतात. रोज शेजारी असली की त्रासाची होतात. मलाही कित्येकदा त्यांचा कंटाळा यायचा. पण ते तीन ठोक्यांचं प्रकरण झालं आणि त्यानंतर मी त्यांना कधी हसले नाही.

झालं असं. एक दिवस प्लांटमधला एक कामगार अंगठ्याचं नख काळंनिळं करून दवाखान्यात आला. मला दवाखान्यात काही बाटल्या द्यायच्या होत्या म्हणून मी तिथं होते. सिस्टरांनी विचारलं, कसं झालं. तो म्हणाला, "वॉल उघडायच्या आधी तीन ठोके मारतो ना, पाना सटकला." आमच्याकडे व्हॉल्व्हला सगळे वॉलच म्हणायचे. तीन ठोके कशाला, तर तो म्हणाला, मारायचे असतात. सगळे मारतात.

पट्टी बांधून झाल्यावर सिस्टर मला घेऊन थेट प्लांटमध्ये गेल्या. तिथं टाकीखाली एक मोठा वॉल होता. त्यातून सॉल्व्हंट पिंपांत भरायचं. सॉल्व्हंट म्हणजे पाण्यासारखं पातळ, आणि पेट्रोलसारखं पेट घेणारं. आम्ही उभे असतानाच एक जण आला, लोखंडी पान्याने वॉलवर ठण ठण ठण असे तीन ठोके मारले आणि चाक फिरवलं. सिस्टरांनी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, पाइपलाइनमधली हवा निघते. दुसऱ्याने सांगितलं, वर टाकीपाशी उभा असतो त्याला इशारा असतो. वर कुणीच उभं नव्हतं. तिसरा म्हणाला, गाडी सुरू करताना आपण स्टेअरिंगला हात लावून नमस्कार करतो तसंच आहे ते. तीन माणसांनी तीन वेगळी कारणं दिली. ठोके मात्र सगळ्यांचे तीनच.

मी लॅबमध्ये होते, मला सिस्टरांपेक्षा जास्त कळायला हवं होतं. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी पडू शकते, आणि खाली उघडी पिंपं. मी रोज तिथून नमुने घेऊन जायचे. तो आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता आणि माझ्या मनात एकदाही काही आलं नव्हतं.

सिस्टर मॅनेजर साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, इतकी वर्षं काही झालेलं नाही. तरी ते एक नोटीस लावतील. मग सौम्यपणे म्हणाले, प्लांट आम्ही सांभाळतो, तुम्ही दवाखाना सांभाळा. नोटीस लागली. तीन भाषांत होती, पण वाचली कुणी नाही. ती लावायला आलेल्या कामगाराने खिळा ठोकून झाल्यावर जाता जाता वॉल उघडला, तोही तीन ठोके मारूनच.

दुसऱ्या दिवसापासून तीन वाजता, पाळी बदलताना, सिस्टर वॉलपाशी येऊन उभ्या राहू लागल्या. काही बोलायच्या नाहीत. हाताची घडी घालून नुसत्या उभ्या. त्या असल्या की कुणी ठोकायचं नाही. त्या पाठ फिरवून गेल्या की मागून ठण ठण ठण. कामगार चिडले, युनियनचे लोक साहेबांना भेटले. साहेबांनी सिस्टरांना लेखी पत्र दिलं की आपण आपल्या कामाच्या जागी थांबावं. त्यांनी पत्र घेतलं, पोच म्हणून सही केली आणि तीन वाजता पुन्हा वॉलपाशी हजर. साहेबांना निरोप पाठवला की चहाची पंधरा मिनिटं माझी आहेत, ती मी कुठं उभी राहून घालवायची ते मी ठरवणार. त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. मी त्यांना म्हटलं, कशाला अंगावर घेता, उद्या काही कारण काढून घरी बसवतील. त्या म्हणाल्या, आग लागली तर पट्ट्या मलाच बांधायच्या आहेत.

असे पाच-सहा आठवडे गेले. मग एक दिवस त्या लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, मी चुकत होते. मी पोलीस झाले. पोलीस हलला की लोक सिग्नल तोडणारच. त्यांनी इतके दिवस उभं राहून आणखी एक गोष्ट पाहिली होती. प्लांटमध्ये भोईर म्हणून जुने ऑपरेटर होते, चिखलोलीचे, पन्नाशीचे. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला कामाला त्यांच्याच हाताखाली घालायचे. भोईरांची कंबर धरलेली असायची म्हणून ते डावा हात कमरेवर ठेवून, एका अंगाला कलून उभे राहायचे. आणि त्यांच्या हाताखालची तिघं धडधाकट तरुण मुलं, ज्यांच्या कमरेला काहीही झालेलं नव्हतं, तीही तशीच हात ठेवून, तशीच कलून उभी राहायची. सिस्टरांच्या तोंडून हे ऐकेपर्यंत मलाही ते दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर खरंच.

म्हणजे गाठ भोईरांशी होती. सिस्टरांनी त्यांना विचारलं, ठोके कुणाचं बघून. भोईर तुटकपणे म्हणाले, गायकर मामांचं. गायकर म्हणजे भोईरांच्या आधीचे ऑपरेटर, निवृत्त होऊन वांगणीला राहत होते.

त्याच रविवारी सिस्टर मला घेऊन वांगणीला गेल्या. नव्या इमारतींच्या मागे भाताची खाचरं होती, त्यांच्या कडेला गायकरांचं घर. म्हातारे ओटीवर बसले होते, गुडघे पार गेलेले. आम्ही कारखान्यातून आलो म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. आजींनी कोरा चहा दिला. तीन ठोक्यांचा विषय काढला तेव्हा ते इतके हसले की खोकला लागला. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वेळी त्या लाइनमधून डांबरासारखा घट्ट माल यायचा. थंडीत तो वॉलच्या तोंडाशी गोठायचा. तीनदा अलगद ठोकलं की सुटायचा. आणि ठोकायचे ते लाकडी हातोड्याने. तो हातोडा त्यांच्याकडे अजून होता, खाटेच्या खुंट्या ठोकायला वापरायचे. आजींना आतून आणायला लावला आणि आम्हाला दाखवला. तो घट्ट माल तर ते निवृत्त झाल्यावर लगेच बंद झाला होता.

"आता काय येतं त्या लाइनीतून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आणि लोखंडी पान्याचंही सांगितलं.

म्हाताऱ्यांचं हसणं थांबलं. मग हळूच म्हणाले, "त्या पोराला घिऊन या माज्याकडं." पोरगा म्हणजे पन्नाशीचे भोईर.

भोईर काही केल्या यायला तयार होईनात. एका नर्सने आपल्याला आपलं काम शिकवावं हे त्यांना लागलं होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. मग सिस्टर दर रविवारी सकाळी चिखलोलीला त्यांच्या घरी जाऊन बसू लागल्या. आसपास सगळीकडे टॉवर उभे राहत होते आणि मधोमध भोईरांचं बैठं घर. सिस्टर अंगणात खुर्चीवर बसायच्या, भोईर वहिनींनी दिलेला चहा प्यायच्या, कमरेसाठी भोईरांना दोन व्यायाम दाखवायच्या आणि 'येता का वांगणीला' एवढं एकदाच विचारून परत यायच्या. वॉलबद्दल अवाक्षर नाही. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी भोईर शर्ट घालून अंगणातच उभे होते.

त्या दिवशीही मी बरोबर होते. भोईर वाकून गायकरांच्या पाया पडले आणि ओटीच्या कडेला बसले. म्हाताऱ्यांनी तो लाकडी हातोडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मी तुला कदी सांगितलं का रं, वॉल ठोकायचा म्हणून?"

भोईर हातोड्याकडे बघत होते. "सांगितलं नव्हतं मामा. बघितलं होतं."

"मंग चूक माजी हाये," गायकर म्हणाले. "तू बघत व्हतास ते मला दिसत व्हतं. का ठोकतो, तेवडं सांगायचं राह्यलं."

आपल्या हाताखालून गेलेली माणसं भोईर मनात मोजत असावेत, असं मला वाटलं. परत येताना स्टेशनपर्यंतच्या रिक्षेत ते एवढंच म्हणाले, "माझ्या पोरालापण मीच लावलाय प्लांटला."

सोमवारी तीन वाजता सिस्टर वॉलपाशी गेल्या नाहीत. मुद्दाम गेल्या नाहीत. मला मात्र पाठवलं, नमुना घ्यायच्या निमित्ताने. भोईर आले. पाना त्यांनी खिशातून काढून बाजूच्या खांबापाशी ठेवला, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि फिरवलं. सॉल्व्हंट पिंपात पडू लागलं. आजूबाजूची चार-पाच माणसं हातातली कामं तशीच ठेवून बघत होती. कुणी काही विचारलं नाही, भोईरांनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या पिंपाच्या वेळी एकाने सवयीने पाना उचलला, भोईरांकडे पाहिलं आणि खाली केला. तेव्हा भोईरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि घट्ट मालाची, लाकडी हातोड्याची सगळी हकीकत सांगितली. गायकर मामांचं नाव घेऊन सांगितली.

पंधरा दिवसांत ठोके बंद झाले. एक जण पुढे महिनाभर बोटाच्या पेरांनी वॉलवर टकटक करायचा, त्याशिवाय त्याला चैन पडेना. सिस्टर म्हणाल्या, करू दे, बोटाने ठिणगी पडत नाही. साहेबांनी ठिणगी न पडणारे पितळी पाने मागवले आणि कंपनीच्या सभेत सुरक्षा मोहीम म्हणून त्याचा उल्लेख केला. सिस्टरांचं नाव त्यात नव्हतं. मी तणतणत दवाखान्यात गेले, तर त्या कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. म्हणाल्या, नाव कशाला हवं, आवाज बंद झाला ना.

नक्कल करण्याला त्यांचा विरोध होता असं लोकांना वाटायचं. तसं नव्हतं. मूल बोलायला शिकतं तेही नक्कल करूनच, असं त्या म्हणायच्या. माणसं बघणारच, आणि जे दिसेल ते करणारच. त्यांना हवं होतं एवढंच, की ज्याच्याकडे बघितलं जातं त्याला ते ठाऊक असावं आणि त्याने तोंड उघडून कारण सांगावं.

त्या निवृत्त झाल्या. पुढे मी ती नोकरी सोडली, आम्ही बदलापूरला कात्रपला राहायला गेलो आणि योगायोगाने सिस्टर दोन गल्ल्या पलीकडे निघाल्या, मुलगा आणि सुनेबरोबर. अधूनमधून भेट व्हायची. मागच्या वर्षी कळलं की त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर पंधरा दिवसांनी मी भेटायला गेले. दुपारची वेळ होती, जेवायला बसत होते.

बोलणं बरंचसं परत आलं होतं, जरा जड. उजवा हात मांडीवर ठेवलेला. आता सगळं डाव्या हाताने शिकावं लागेल, असं व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. चमचा त्यांनी पहिल्याच दिवशी परत पाठवला होता. भात हातानेच खाणार म्हणाल्या होत्या. मुलगा शेजारी बसून भरवायला बघत होता आणि सिस्टर तोंड मिटून बसल्या होत्या. शेवटी तो उठून आत गेला. त्यांनी डाव्या हाताने आमटीभात कालवायला घेतला. बोटं ऐकत नव्हती. घास तोंडापर्यंत जाईपर्यंत अर्धा सांडायचा. चौथ्या घासाला त्यांनी हात ताटात तसाच ठेवला आणि डोळे मिटले. मी इतक्या वर्षांत त्यांना थांबलेलं प्रथमच पाहत होते.

सून, स्नेहल, वाढत होती. ती वाडगं खाली ठेवून समोर बसली.

"आई, मी डावखुरी आहे," ती म्हणाली.

सिस्टरांनी डोळे उघडले.

स्नेहलने मान खाली घालून सांगितलं. लहानपणी ती डाव्या हाताने जेवायला लागली की वडील तो हात फ्रॉकच्या पट्ट्याने बांधून ठेवायचे. चार माणसांत बरं दिसत नाही म्हणून. बघून बघून ती उजव्या हाताने जेवायला शिकली, पण तो हात कधी नीट वळला नाही. तिच्या ताटाभोवती शितं पडायची. या घरात आल्यावर सिस्टरांनीच तिला कितीदा तरी टोकलं होतं की घास नीट घे, सांडू नको. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या ओठाची एक बाजू हलत नव्हती, दुसरी थरथरत होती.

"अकरा वर्षं समोर जेवतेस," त्या अडखळत म्हणाल्या. "मला दिसलं नाही."

स्नेहल काहीतरी समजूत घालायला लागली, तर त्यांनी मानेनेच थांबवलं आणि डाव्या हाताने आपलं ताट थोडं मागे सरकवलं, समोर जागा केली. "ताट घे. दाखव."

स्नेहलने माझ्याकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि डावा हात भातात घातला. सुरुवातीला बोटं बिचकली. मग त्यांना आठवलं. तिने आमटी भातात अशी जिरवली, घास असा गोळा केला आणि अंगठ्याने तोंडात असा सरकवला की मी माझं बोलणं विसरून बघत राहिले. एक शीत खाली पडलं नाही.

"पुन्हा," सिस्टर म्हणाल्या.

तिने पुन्हा केलं, यावेळी सावकाश, कुठलं बोट आधी वाकतं आणि का, ते सांगत. सिस्टरांनी करून पाहिलं. सांडलं. पुन्हा केलं. पुन्हा सांडलं. मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि बायको डाव्या हाताने जेवतेय हे बघून काही बोलणार, तेवढ्यात सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. तो तसाच परत गेला.

"उद्यापासून याच हातानं जेवायचंस," त्या स्नेहलला म्हणाल्या. "मला शिकवायला म्हणून नाही. मी शिकले, तरी."

जेवण संपायला पाऊण तास लागला. आमटी गार झाली, कुणी ती गरम केली नाही. शेवटी सिस्टरांच्या ताटाभोवती भाताचा सडा पडला होता, आणि स्नेहलच्या ताटाभोवतीची फरशी स्वच्छ होती. ती उठून ताटं उचलायला लागली, तर सिस्टरांनी आपलं ताट हाताने दाबून धरलं. त्यात मूठभर भात उरला होता.

"हा राहिलाय," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास कालवायला घेतला.